कपिलाला चार पाय आहेत: शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस,

स. न. वि. वि.

जिल्हा परिषदेच्या शाळेत 31 वर्षं शिकवून मी निवृत्त झाले. आता माझ्याकडून कुणी खुलासा मागवू शकत नाही, म्हणून मुलांच्या वहीतल्या एकसुरी वाक्यांविषयी मोकळेपणाने लिहिते.

चौथीतल्या एका मुलाने गाईवर लिहिलं होतं : 'आमच्या गाईचे नाव कपिला आहे. कपिला तांबडी आहे. कपिलाला चार पाय आहेत. कपिलाला दोन शिंगे आहेत. कपिला उपयुक्त प्राणी आहे.' शुद्धलेखनाची एकही चूक नाही. मी दहापैकी आठ दिले. मधल्या सुट्टीत तोच पोरगा मित्रांना सांगत होता, "काल दावं तोडून पळाली ना कपिली! बाबा मागनं, मी मागनं... आन् घावली कुठं? सरपंचाच्या उसात!"

प्रश्न, उद्गार, 'तोडून'ने जोडलेल्या दोन क्रिया, अर्ध्यावर सोडलेलं वाक्य, सगळं त्याच्या तोंडात होतं. वहीत मात्र प्रत्येक वाक्य 'आहे'वर आणून बसवलेलं. हे त्याला आम्हीच शिकवलं. फळ्यावर मुद्दे लिहायचे, मुद्द्यामागे एक वाक्य. 'घावली' त्याने लिहिलं असतं, तर मीच त्यावर लाल गोल काढला असता.

मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं. साध्या वाक्यांची रांग लावली की शेवट एकसारखे वाजतात. पण त्यातून बाहेर पडायच्या वाटाही मराठीतच आहेत. 'कपिला उसात सापडली' म्हणा, 'उसात सापडली कपिला' म्हणा. दोन्ही मराठीच, फक्त जोर हलतो. जेव्हा-तेव्हा, जो-तो, 'धावताना', 'तोडून' ही तर पोरं घरी रोज वापरतात.

माझी नात दहावीला आहे. मराठीच्या, म्हणजे कुमारभारतीच्या, लेखी 80 गुणांत भाषाभ्यासाला (व्याकरणाला) 16, उपयोजित लेखनाला (पत्र, निबंध वगैरे) 24. केवल, संयुक्त, मिश्र ही वाक्यप्रकारांची नावं तिला पाठ आहेत. उद्गारार्थी वाक्याचं विधानार्थी ती डोळे मिटून करते. तिच्या निबंधात मात्र एक प्रश्न नाही, एक उद्गार नाही. कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेत, हे दोन विभाग शेजारी शेजारी राहतात, पण एकमेकांकडे जाणं-येणं नाही.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी एक खेळ करायचे. मुलाने आधी तोंडी सांगायचं, मग लिहायचं, मग प्रत्येक वाक्याचा पहिला शब्द एकाखाली एक मांडायचा. 'कपिला, कपिला, कपिला' दिसलं की पोरं स्वतःच हसत. मग अटी : लागोपाठची दोन वाक्यं एकाच शब्दाने सुरू करायची नाहीत, एक वाक्य तीन शब्दांचं हवं, दोन वाक्यं जोडून एक करायचं, पण 'आणि' न वापरता. एका मुलीने आठवडाभर प्रत्येक वाक्यापुढे उद्गारचिन्ह ठोकलं. ठोकू दिलं. आपोआप कमी झालं.

गाईचा परिच्छेद पुन्हा आला तो असा : 'आमची कपिला तांबडी. काल दावं तोडून ती पळाली. बाबा आणि मी गावभर शोधत होतो, तेव्हा ती कुठे होती? सरपंचांच्या उसात! मी ओरडणार होतो, पण ती इतक्या मजेत खात होती की गप्पच बसलो.'

2023 मध्ये बालभारतीच्या पुस्तकांत नोंदींसाठी कोरी पानं आली, पुढे ती बंदही झाली. माझ्या पाहण्यातल्या पुस्तकांत त्या पानांवर शब्दार्थ आणि फळ्यावरून उतरवलेली उत्तरंच होती. दुसरं काय लिहायचं, हे पोरांना कुणी दाखवलंच नव्हतं.

म्हणून नवी योजना नको, नवं अ‍ॅप तर मुळीच नको. तिसरी-चौथीच्या संकलित चाचणीत पाच सपाट वाक्यं द्या आणि त्यांचा परिच्छेद करायला सांगा. गुण वाक्यं बदलण्याला द्या. चाचणीत आलं की वर्गात येतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आसपासच्या शाळांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत एक तास असा ठेवा, की शिक्षकच स्वतःच्या गावावर परिच्छेद लिहितील आणि एकमेकांचे वाचतील. आम्हीही वर्षानुवर्षं फक्त अहवालच लिहिले आहेत. आणि पोरांच्या पहिल्या खर्ड्यावर लाल शाई नको. 'घावली'चं 'सापडली' दुसऱ्या खर्ड्यात होतं.

याचं परिपत्रक निघालंच, तर त्यातली सगळी वाक्यं 'करण्यात यावी'वर संपू नयेत, एवढी विनंती.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका