अण्णा, त्या फॉर्मवर तुम्ही लिहिलंत ते

आदरणीय अण्णा,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, कारण ते तुम्हाला चालणार नाही. निवृत्तीच्या दिवशी साधा हारसुद्धा तुम्ही गळ्यात घालून घेतला नाहीत. पाळी सुटायच्या आत सायकल काढलीत आणि गेलात. आम्ही लोखंड ओतायच्या कारखान्यातल्या, कोअर शॉपमधल्या बायका नारळ आणि शाल घेऊन गेटवर उभ्याच राहिलो. बेळगावच्या उद्यमबागेत काम करणाऱ्या कुणी हे वाचलं तर तुम्ही कोण ते त्याला कळेल, आणि ते कळावं अशी माझी इच्छा आहे.

या आठवड्यात मला कुशल कामगारांच्या ग्रेडमध्ये घेतलं. त्यासाठी ऑफिसातल्या मॅडमनी माझी जुनी फाइल काढली होती. पहिल्याच पानावर तुमचं अक्षर दिसलं. ‘अनुभव’ या रकान्यात क्लार्कनं कानडीत लिहिलेलं ‘इल्ल’, म्हणजे ‘नाही’, एका रेघेनं खोडलेलं आणि त्याच्या शेजारी तुम्ही निळ्या पेनानं, जागा कमी म्हणून बारीक करून लिहिलेलं: यंत्रमाग, वीस वर्षांच्या वर. मॅडमनी ते सहज वाचून पान उलटलं. मला मात्र तिथं उभं राहवेना. बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं आणि तेव्हाच ठरवलं की हे पत्र लिहायचं.

वडगाव, खासबाग, शहापूर, अनगोळ या भागात जो वाढला त्याला मागाचा आवाज वेगळा सांगावा लागत नाही. आमच्या घरात पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत संसार. मी माहेरी असताना कांड्या भरायची, लग्न होऊन आले ती मागावरच. व्यापारी सूत द्यायचा, आम्ही साड्या विणून द्यायचो, साडीमागं मजुरी मिळायची. पैसे नवऱ्याच्या नावावर, वही नवऱ्याच्या नावावर, आणि मागावर दोघंही. ते जेवायला बसले की माग मी चालवायची. ते आजारी पडले तेव्हा महिनाभर मीच चालवला. बीम, म्हणजे उभे दोरे गुंडाळलेला रूळ, संपला की नव्या बीमची टोकं जुन्याला सांधत बसायचं, शेकडो दोरे, एकेक करून, आणि एक जरी चुकला तरी साडीभर रेघ उमटते. याला आमच्यात कुणी काम म्हणत नसे. घरचंच आहे म्हणायचे.

२०१६ च्या नोटबंदीत हातची रोकड आटली, पुढच्या वर्षी जीएसटी आला, तरी आम्ही तग धरून होतो. ऑगस्ट २०१९ च्या पावसात बळ्ळारी नाल्याचं पाणी वाढलं आणि आमच्या सखल गल्लीत घराघरांत पाणी शिरलं. मोटर पाण्याखाली, बीमवर चढवलेलं सूत भिजून कुजलेलं, तयार साड्यांवर चिखल. ते कसंबसं सावरतोय तोच मार्च २०२० उजाडला. लग्नसराईसाठी विणलेला माल घरातच पडून राहिला. व्यापाऱ्यानं आधी फोन उचलणं बंद केलं, मग सूत देणं. ज्यानं आमच्या जिवावर दोन मजले चढवले, त्यानं एवढ्या वर्षांच्या ओळखीत एकदा दारात येऊन “कसं चाललंय?” एवढंसुद्धा विचारलं नाही. शेवटी माग भंगारात गेला. किलोवर. सासऱ्यांनी घेतलेला माग काट्यावर चढवलेला मी पाहिला आहे, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

त्यानंतर मी काम हुडकत फिरले. अण्णा, तेव्हाचं मी तुम्हाला पूर्ण कधी सांगितलं नाही, म्हणून आज लिहिते.

कपडे शिवणाऱ्या एका कारखान्यात वय विचारलं आणि वॉचमननंच परत पाठवलं. एका ठेकेदारानं युनिफॉर्मचे म्हणून पैसे घेतले, तो पुन्हा दिसला नाही. बायकांसाठी म्हणून एक प्रशिक्षण होतं, तिथं आम्हाला रांगेत बसवून फोटो काढले, सर्टिफिकेट दिलं, आणि ते सर्टिफिकेट कुणालाच नको होतं. पण सगळ्यात जास्त लागलं ते एका ऑफिसात. टेबलापलीकडचा मुलगा माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा. आधी काय करत होता, म्हणून विचारलं. घरी माग होता, म्हटलं. “म्हणजे घरीच होता ना?” असं म्हणून त्यानं लिहून टाकलं. त्याच्या बोलण्यात उद्धटपणाही नव्हता, आणि त्याचंच वाईट वाटतं. पहाटेपासून रात्रीपर्यंत मागाशी उभं राहून पायाच्या शिरा निळ्या झालेल्या बाईला घरीच होता म्हणताना त्याला काही वाटण्याचं कारणच नव्हतं. सगळे तसंच म्हणत होते. पुढं पुढं मीही विचारायच्या आधीच सांगू लागले, अनुभव काही नाही म्हणून.

तुमच्याकडं आले तेव्हाही तेच सांगितलं होतं. फॉर्म कन्नडात होता, क्लार्कनं विचारत विचारत भरला. अनुभवाच्या ठिकाणी “इल्ल” म्हणाला, मी मान हलवली. तुम्ही हातात कसलासा कोअर घेऊन काम दाखवायला ऑफिसात आला होता. अंगभर रेती. मला उभी बघून स्वतः खुर्ची सरकवलीत आणि म्हणालात, “बर्री अक्का, कुंद्री.” या अक्का, बसा. मग फॉर्म घेऊन वाचलात आणि पत्ता बघून विचारलंत, “वडगाव? घरी माग होता काय?”

होता म्हटलं. मागावर तू काय करायचीस, म्हणून विचारलंत. मी म्हटलं, काही नाही, घरचंच. तुम्ही तेवढ्यावर सोडलं नाहीत.

“दोरा तुटला की तुला कसं कळायचं? डोळ्यानं?”

“आवाजानं,” मी म्हटलं. “पाठ फिरवलेली असली तरी कळतं. आवाज बदलतो.”

तुम्ही कोपऱ्यातल्या पोत्यातनं एक सुतळीचा धागा उपसून काढलात, तोडून दोन तुकडे केलेत आणि माझ्या हातात दिलेत. बांध म्हणालात. मला वाटलं गंमत करताय. मी बांधला, बोटांनी आपसूक बांधला, खाली बघायची गरजच नसते. तुम्ही ती गाठ दोन्ही बाजूंनी ओढून बघितलीत, सुटली नाही. मग अंगठ्यानं चाचपून बघितलीत, टेंगूळ किती येतंय ते. क्लार्क हसत होता. तुम्ही हसला नाहीत. खिशातलं पेन काढलंत, ‘इल्ल’ खोडलंत आणि किती वर्षं म्हणून विचारलंत. मला सांगता येईना, कारण कुणी कधी विचारलंच नव्हतं. लग्न कधी झालं, थोरली मुलगी कितवीत आहे, असं विचारत तुम्हीच हिशेब घातलात आणि लिहिलंत.

त्यानंतर तुम्ही माझ्यासाठी पुष्कळ केलंत. शब्द टाकलात, काम शिकवलंत, दिवाळीआधी पगार अडकला तेव्हा माझ्यासाठी भांडलात. त्या सगळ्याचे उपकार आहेत. पण रात्री झोप येत नाही तेव्हा आठवतं ते फक्त ते पेन आणि ती गाठ ओढून बघणं. नोकरी तर कुणी दयेनंही दिली असती. तुम्ही माझी मागची वर्षं मला परत दिलीत.

पुढं एकदा जेवणाच्या सुट्टीत तुम्ही सांगितलंत की तुमचं बालपण गोकाक फॉल्सला सूतगिरणीच्या चाळीत गेलं आणि आई गिरणीत रीलिंग खात्यात होती. वडील गेल्यावर ती तुम्हा भावंडांना घेऊन बेळगावला आली, तेव्हा या शहरात तिला भांडी घासण्याशिवाय कुणी काम दिलं नाही. एवढंच बोललात आणि डबा बंद केलात. मी तेव्हा काही बोलले नाही. आज म्हणते, अण्णा, आईंना माझा नमस्कार.

कोअर म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. पंपाची बॉडी असो नाहीतर व्हॉल्व्ह, आतनं पोकळ असतो. ती पोकळी लोखंडात कोरून काढत नाहीत. तेवढ्याच आकाराचा रेतीचा कोअर करून साच्यात ठेवतात, भोवतीनं लोखंडाचा रस ओततात आणि थंड झाल्यावर तो कोअर फोडून रेती झाडून काढतात. चौदाशे अंशांच्या आसपास तापलेला रस अंगावर येतो तेव्हा त्या रेतीनं तग धरायचा असतो आणि काम झालं की सुटून यायचं असतं. रेतीत कालवलेल्या तेलाचा वायू होतो, त्याला वाट नसली तर तो लोखंडात घुसतो आणि कास्टिंगला भोकं पडतात. म्हणून कोअर ओला असतानाच तारेनं आत बारीक वाटा पाडून ठेवायच्या. तार किती आत गेली हे दिसत नाही, बोटाला कळतं. तुम्ही पहिल्या दिवशी माझ्या हातात झाडू दिला नाहीत, ती तार दिलीत. बाकी ठिकाणी बाई आली की रेती चाळायला नाहीतर झाडायला, हा नेमच आहे.

साच्यातनं काढताना सुरुवातीला कोअर ढासळायचे, सगळ्यांचेच ढासळतात. तुम्ही रेती गोळा करून परत मिक्सरमध्ये टाकायचा आणि “ओली आहे तोवर सगळी आपलीच” म्हणून पुढं जायचा. आता माझे कोअर भट्टीतनं निघाले की नखानं टिचकी मारून मी सांगते कुठला आतनं कच्चा आहे. मागाच्या खडखडाटात दोरा तुटल्याचं कळणारे कान आहेत हे, त्यांना ही टिचकी काय अवघड? हे तुम्ही माझ्या आधी ओळखलं होतं.

आमच्या गल्लीत आता कोण काय करतंय बघितलं तर विश्वास बसत नाही. शेजारचे जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, ज्यांना बिघडलेला माग नुसता ऐकून काय झालंय ते कळायचं, ते अपार्टमेंटच्या गेटवर रात्रपाळीला बसतात. एक जण गोव्याला हॉटेलात गेला. कुणाचा मुलगा रोज शिनोळीला जातो, सीमेपलीकडं महाराष्ट्रात. खानापूरच्या कुंभारांच्या घरातला एक पोरगा डिप्लोमा करून हत्तरगीच्या सेझमध्ये विमानाचे भाग करतोय, त्याचा तर मला फार अभिमान वाटतो. माझे यजमान भाजी मार्केटला टेम्पो चालवतात. या प्रत्येकाला कुठं ना कुठं तो रकाना भरावा लागला असेल. त्यातल्या किती जणांच्या फॉर्मवर ‘इल्ल’ तसंच राहिलं असेल, अण्णा? त्या जॉबरमामांसारख्या माणसाला नुसतं गेटवर बसवून ठेवणं हे मला अजूनही पटत नाही, आणि त्यासाठी कुणालाच लाज वाटत नाही याचा राग येतो.

आपल्या भागात पाटीवर कुठली अक्षरं असावीत यावरनं काय काय होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. दरवर्षी एक नोव्हेंबरला तुमच्या घरी राज्योत्सव आणि आमच्या गल्लीत काळा दिवस. आपण दोघं त्यावर कधी बोललो नाही. लाजून किंवा घाबरून गप्प बसलो असंही नाही. शॉपमध्ये तुम्ही कानडीत सांगायचा, मी मराठीत विचारायची आणि कोअर बरोबर निघायचा. ज्या अक्षरांत तुम्ही माझी वीस वर्षं लिहिलीत ती मला जोडून जोडून वाचावी लागतात. तरी माझ्याबद्दल कागदावर लिहिलेलं त्याहून खरं दुसरं काही नाही.

माणूस चांगला असायला पद लागत नाही, पैसा लागत नाही, हे सगळे म्हणतात. मला वाटतं त्याला लक्ष लागतं. समोरच्याच्या हाताकडं बघण्याइतका वेळ लागतो. तुम्हाला त्या दिवशी ऑफिसात दुसरंच काम होतं, भट्टी पेटलेली होती, पोरं वाट बघत होती. तरी तुम्ही थांबलात. तुम्हाला त्यातनं काहीच मिळणार नव्हतं. ज्यांची ती नोकरीच होती, ज्यांना त्याचाच पगार मिळतो, त्यांना दोन मिनिटं थांबता आलं नाही.

आता एक विनंती. नाही म्हणायचं नाही.

आषाढात मंगाईची जत्रा आहे. वडगावात त्या दिवशी घराघरांत पाहुणे असतात. तुम्ही आणि घरच्या अक्कांनी आमच्याकडं जेवायला यायचं. आमच्याकडं त्या दिवशी मटण असतं, पण तुमचं मला माहीत आहे. तुमचा स्वयंपाक सकाळी आधी होईल, वेगळ्या भांड्यांत, माझी मुलगी करेल. एण्णेगाई, तुमच्याकडची भरली वांगी, ती चांगली करते, तुमच्या डब्यातली खाऊनच शिकली आहे. गर्दीत सायकल आणू नका, यजमान टेम्पो घेऊन तुम्हाला न्यायला येतील. आणि शाल अजून माझ्याकडंच आहे. गेटवर घेतली नाहीत, घरी घ्यावीच लागेल.

तुमची,
कोअर शॉपमधली वडगावची अक्का