मतांची टक्केवारी वाचताना

महोदय,

विधानसभा निकालांनंतर पक्षांच्या राज्यभरातील मतटक्क्यांची सरसकट तुलना होते, ती दिशाभूल करणारी आहे. २०१४ मध्ये युती आणि आघाडी दोन्ही तुटून बहुतेक लढती बहुरंगी झाल्या, तेव्हा सुमारे २६० जागा लढवणाऱ्या भाजपने १२२ जिंकल्या आणि जवळपास २८ टक्के मते मिळवली. २०२४ मध्ये महायुतीतून १४९ लढवून १३२ जिंकताना हा आकडा २७ च्या आसपासच राहिला, कारण जागा कमी लढवल्या तरी त्या जागांवर मित्रपक्षांच्या मतांची जोड मिळाली. स्पर्धेतला खरा बदल इथे आहे. नमुना २० (मतदारसंघाच्या अंतिम निकालाचा तक्ता) मधील मतदान केंद्रनिहाय मते मी वहीत उतरवतो, तेव्हा शेजारच्या दोन केंद्रांचे कौलही परस्परविरोधी दिसतात. ही पाने मात्र मला स्कॅन केलेली, पुसट मिळाली. निवडणूक आयोगाने हे आकडे वापरण्याजोग्या तक्त्यांत द्यावेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा