वगळण्याचे कारण

नागपूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. तुझ्या क्रिकेट अकादमीच्या बातम्या वाचून आनंद झाला. पण ‘खेळाडूने मैदानावर खेळावे, घरी कोणाबरोबर राहतो हे जगाला कशाला सांगावे?’ या तुझ्या वाक्यावर मी अडलो. सामना चालू असताना क्रिकेटपटूंच्या बायकांवर कॅमेरा वळतो, त्यांच्या लग्नांचे फोटो आठवडाभर वर्तमानपत्रांत येतात, तेव्हा तू किंवा मी असे कधी म्हटलेले नाही. ही तक्रार आपण फक्त समलिंगी खेळाडूपुरती राखून ठेवली आहे.

तरीही मला तुझ्याशी बोलायचे आहे ते प्रेक्षकांच्या मनाविषयी नव्हे, निवडीविषयी. धावपटू द्युती चंदने मे २०१९ मध्ये आपले एका मुलीवर प्रेम असल्याचे उघडपणे सांगितले, घरातून विरोधही सोसला, आणि त्याच वर्षी जुलैत नेपल्सच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत शंभर मीटरचे सुवर्णपदक ११.३२ सेकंदांत जिंकले. तिचे धैर्य मी कमी लेखत नाही. पण तिची गुणवत्ता घड्याळ ठरवत होते आणि घड्याळाला मत नसते. क्रिकेट संघात मात्र खेळाडूची जागा निवड समितीतली पाच माणसे बंद दाराआड ठरवतात, आणि वगळल्याचे खरे कारण त्याला कधीच कळत नाही. विदर्भाने तीनदा रणजी करंडक जिंकल्यावर त्या पंधरा जागांचे मोल किती वाढले आहे, हे तुला सांगायला नको.

इंग्लंडचा यष्टिरक्षक स्टीव्हन डेव्हिस याने फेब्रुवारी २०११ मध्ये आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले. संघातील सहकाऱ्यांना त्याने ते आधीच सांगितले होते आणि त्यांनी त्याला साथही दिली. त्यानंतर तो इंग्लंडकडून खेळला नाही. या दोन गोष्टींचा संबंध जोडणे अन्यायाचे होईल, कारण त्याच्या जागेसाठी इतर चांगले यष्टिरक्षक होतेच. पण असाच एखादा अठरा वर्षांचा मुलगा ही हकीकत वाचतो, तेव्हा तो इतका न्यायी विचार करत बसत नाही. अमेरिकेच्या बास्केटबॉलमध्ये जेसन कॉलिन्सने एप्रिल २०१३ मध्ये हे जाहीर केले, तेव्हा त्याचा करार संपत आला होता. पुढचा करार मिळायला फेब्रुवारी २०१४ उजाडला. वय चौतीस होते, चेंडू टाकून गुण मिळवणारा तो खेळाडू नव्हता, अशी कारणे देता येतात आणि ती खोटीही नाहीत. भीतीला नेमकी एवढीच जागा पुरते.

जस्टिन फॅशनूची गोष्ट त्याहून कठोर आहे. १९८१ मध्ये दहा लाख पौंडांना विकला गेलेला तो ब्रिटनमधील पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू. १९९० मध्ये त्याने आपले सत्य सांगितले. सख्ख्या भावाने त्याला जाहीरपणे दूर केले. १९९८ मध्ये त्याने आत्महत्या केली. ब्रिटनच्या पुरुष व्यावसायिक फुटबॉलमध्ये खेळत असतानाच हे सांगणारा पुढचा खेळाडू, ब्लॅकपूलचा सतरा वर्षांचा जेक डॅनियल्स, मे २०२२ मध्ये पुढे आला. मध्ये बत्तीस वर्षे गेली.

आता गंमत पाहा. मार्च २०२३ मध्ये ब्रेबॉर्नवर महिला प्रीमियर लीगच्या अंतिम सामन्यात नॅट सिव्हर-ब्रंटने नाबाद ६० धावा करून मुंबईला पहिले विजेतेपद मिळवून दिले. तिचे आडनाव इंग्लंड संघातली तिची सहकारी कॅथरीन ब्रंट हिच्याशी २०२२ मध्ये झालेल्या लग्नातून आले आहे. आपल्या घरात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि आडनावाबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. भारताकडून खेळलेल्या एकाही पुरुष क्रिकेटपटूने मात्र आजवर असे सांगितलेले नाही. मला वाटते, मुलगी बॅट हाती घेते तेव्हाच तिने ‘मुलीने कसे वागावे’ ही चौकट ओलांडलेली असते. पुरुषांच्या संघात मर्दानगी ही न लिहिलेली पात्रता असते. आपल्याच नेटमध्ये वेगवान गोलंदाजाला घाबरून मागे सरणाऱ्या पोराला काय म्हणायचे, ते तू विसरला नसशील. ‘बायल्या’ हा शब्द आजही जिल्हा पातळीच्या मैदानांवर मी ऐकतो, आणि प्रशिक्षकांच्या तोंडून ऐकतो.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध वगळले, हे मोठे काम झाले. पण निवड समितीच्या खोलीत न्यायालय बसत नाही. तिथे ‘पोरगा जरा वेगळा वाटतो’ एवढे पुरते, आणि ते कोणत्याही कागदावर येत नाही.

म्हणून तुला एक विचारतो. तुझ्या मुलांपैकी कोण कसा आहे, याचा शोध घेऊ नकोस. ते त्याचे त्याने ठरवावे. पण निवड चाचणीनंतर वगळलेल्या प्रत्येक मुलाला त्याचे कारण दोन ओळींत लेखी देण्याची पद्धत तुझ्या अकादमीत सुरू करता येईल का? पालक कटकट करतील, तुझ्या सहप्रशिक्षकांना ते जाच वाटेल, हे मला ठाऊक आहे. तरी त्यांच्याशी बोलून काय ठरते ते कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अवि