जुन्या फोटोखाली लिहिण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एखादा ऐतिहासिक फोटो समाजमाध्यमांवर आला की लोक त्याखाली भरभरून लिहितात. ते चांगलेच आहे. जुन्या फोटोपाशी इतकी माणसे थांबतील अशी सोय पूर्वी कधी नव्हती. पण तो फोटो कशावर, किती वेळात आणि कशासाठी काढला हे ठाऊक नसले की भल्याभल्यांचा तर्क चुकतो. पहिल्या आठ-दहा प्रतिक्रियांत जे ठरते तेच त्या फोटोला चिकटते, आणि पुढे तो त्याच मजकुरासकट फिरतो.

फोटोग्राफीच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या लुई दागेर यांनी १८३८ मध्ये पॅरिसच्या एका मोठ्या रस्त्याचा फोटो खिडकीतून काढला. भर दिवसा रस्ता ओस. त्याखाली हमखास वाचायला मिळते, ‘किती शांत होते शहर, ना गर्दी ना वाहने!’ प्रत्यक्षात तो रस्ता गजबजलेला होता. चांदीचा थर दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटायला काही मिनिटे लागत. तेवढ्या वेळात धावत्या घोडागाड्या आणि चालती माणसे काहीही खूण न ठेवता निघून गेली. खालच्या बाजूला एक माणूस मात्र दिसतो. पाय वर ठेवून तो बूट पुसून घेत होता, म्हणजे बराच वेळ जागचा हलला नाही, म्हणून राहिला.

‘तेव्हाचे लोक हसत का नव्हते?’ हा ठरलेला प्रश्न, आणि ‘एक्स्पोजरला, म्हणजे चित्र उमटायला, फार वेळ लागायचा’ हे ठरलेले उत्तर. ते अर्धेच खरे आहे. सुरुवातीला मिनिटे लागत. पण १८४० मध्ये पेट्झव्हाल यांचे जास्त उजेड आत घेणारे भिंग आले, पत्र्याला आयोडीनबरोबर ब्रोमीनची वाफ देऊ लागले आणि थोड्याच वर्षांत काम सेकंदांवर आले. १८८० नंतर चित्र टिपणाऱ्या जिलेटिनच्या कोरड्या काचा सर्रास झाल्यावर तर चांगल्या उजेडात सेकंदाचा अंशही पुरे होई. तरीही चेहरे गंभीरच राहिले. फोटो काढणे हा तेव्हा एक प्रसंग असे, तो रंगवलेल्या व्यक्तिचित्रांच्या शिस्तीने काढला जाई, आणि त्या शिस्तीत दात दाखवणे बसत नसे. लोक दुःखी होते असा निष्कर्ष यातून निघत नाही.

याहून वाईट म्हणजे ‘हा मेलेला माणूस उभा केला आहे’ ही प्रतिक्रिया. पुरावा काय, तर बुटांमागे दिसणारी लोखंडी बैठक. ती बैठक जिवंत माणसासाठीच असे. खाली ओतीव लोखंडाचा पाया, त्यातून वर-खाली सरकणारा दांडा आणि टोकाला दोन बोटांचा चिमटा. चिमटा डोक्याच्या मागच्या बाजूला नुसता टेकवत, मान हलू नये म्हणून. पूर्ण देहाचे वजन पेलण्याचे ते साधनच नव्हे; निर्जीव देह त्यावरून क्षणात घसरेल. मृतांचे फोटो काढले जात हे खरे, पण ते बिछान्यावर, शवपेटीत, किंवा तान्हे मूल असेल तर आईच्या मांडीवर. अशा फोटोत जिवंत माणसे किंचित हललेली आणि मृत व्यक्ती सगळ्यांत रेखीव उतरते. कोणाच्या तरी पणजोबांना आपण उगीच प्रेत ठरवतो आहोत, याचे भान हवे.

डोळ्यांचेही तसेच. १८५१ नंतर ओल्या कोलोडिऑनच्या, म्हणजे एका चिकट रसायनाचा थर दिलेल्या, काचा आल्या. त्या निळा प्रकाश आणि अतिनील किरण तेवढेच टिपत. तांबडा रंग म्हणजे त्यांच्या लेखी अंधार. म्हणून निळे डोळे पांढुरके, ओठ काळपट, चेहऱ्यावरचे वांग गडद आणि आभाळ कोरे. लाल गणवेश जवळजवळ काळा दिसतो. ‘भुतासारखे डोळे’ हा त्या काचेचा गुण आहे, माणसाचा नव्हे. अशा फोटोत आज सॉफ्टवेअर रंग भरते तेव्हा काळा दिसणारा गणवेश ते काळाच धरून चालते, आणि ‘मूळ रंगात पहिल्यांदाच पाहा’ असा मथळा लागतो. त्या रंगाला कसलाही आधार नसतो.

उलटही घडते. सर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की यांनी साधारण १९०९ ते १९१५ या काळात काढलेले रशियातले रंगीत फोटो पाहून ‘हे एआयचे काम’ असे शेकडो लोक लिहितात. ते खरोखर तेव्हाचेच रंग आहेत. सुमारे ९ बाय २४ सेंटिमीटरच्या एकाच काचेवर निळ्या, हिरव्या आणि लाल गाळणीतून (फिल्टरमधून) एकामागून एक तीन कृष्णधवल चित्रे घेत, आणि त्याच तीन रंगांच्या प्रकाशात ती एकावर एक पाडत. पारख करायची तर नदीच्या पाण्याकडे पाहा. तिन्ही चित्रांच्या मधल्या वेळात लाटा हलल्या, त्यामुळे पाण्यावर लाल, हिरव्या, निळ्या रेघा सांडल्यासारख्या दिसतात. हललेल्या माणसाच्या कडेलाही तशीच झालर येते. या १,९०२ काचा अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत; १९४८ मध्ये प्रोकुदिन-गोर्स्की यांच्या वारसांकडून हा संग्रह घेतला गेला.

फोटो उलटा आहे का, हेही पाहायला हवे. दागेर पद्धतीचे (वर सांगितलेल्या चांदीचा थर दिलेल्या पत्र्यावरचे) आणि टिनटाइप म्हणजे लोखंडी पत्र्यावरचे फोटो मुळातच आरशातल्यासारखे उलटे असतात. अमेरिकेतला कुख्यात बंदूकबाज बिली द किड याच्या १८८० च्या सुमाराच्या टिनटाइपमध्ये पिस्तूल डाव्या कमरेला दिसते. तेवढ्यावरून तो डावरा ठरला आणि कित्येक वर्षे डावराच राहिला. त्याच्या हातातल्या १८७३ च्या विंचेस्टर रायफलीला काडतुसे भरण्याचे झाकण उजव्या अंगाला असते. फोटोत ते डावीकडे आले आहे, म्हणजे चित्रच उलटे. रायफल नसेल तर कोट पाहावा. पुरुषाच्या पाश्चात्त्य कोटाची बटणे त्याच्या स्वतःच्या उजव्या अंगाला असतात.

‘मुद्दाम बसवलेला’ आणि ‘बनावट’ यांतही लोक गल्लत करतात. न्यूयॉर्कमध्ये तुळईवर बसून जेवणाऱ्या ११ कामगारांचा २० सप्टेंबर १९३२ चा फोटो इमारतीच्या प्रसिद्धीसाठी जमवून आणला होता. तुळई खरी, उंची खरी, कामगारही खरे. ती इमारत एम्पायर स्टेट नव्हे, रॉकफेलर सेंटरची आहे; ही चूकही दर वेळी नव्याने होते.

मन खरे विषण्ण होते ते फोटोचा हेतूच पुसला जातो तेव्हा. लुईस हाइन यांनी १९०८ पासून अमेरिकेतल्या गिरण्या, खाणी आणि काच कारखान्यांतली मुले टिपली. बालमजुरीविरुद्ध काम करणाऱ्या राष्ट्रीय समितीने त्यांना त्यासाठीच नेमले होते. मालकाच्या नकळत ते खिशातल्या कागदावर टिपणे करत आणि मुलाची उंची आपल्या कोटाच्या बटणांवरून ताडत. प्रत्येक फोटोला जागा, तारीख, काम जोडलेले असे. ३० नोव्हेंबर १९०८ च्या एका फोटोत सूतगिरणीच्या लांबच लांब यंत्रापाशी एक मुलगी उभी आहे. मथळ्यात लिहिले आहे: उंची ४८ इंच, सहा महिने कामावर. चार फूट! हाच फोटो आज मथळ्याविना फिरतो आणि खाली लिहिलेले असते, ‘तेव्हाची मुले कष्टाळू होती, आजच्यांना मोबाइल सुटत नाही.’ ज्याने ही मजुरी थांबावी म्हणून फोटो काढला, त्याच्याच फोटोने आपण तिचे गोडवे गातो.

कंबोडियात ख्मेर रूज राजवटीने हजारो कैद्यांचा बळी घेतलेल्या तुओल स्लेंग तुरुंगात १९७५ ते १९७९ दरम्यान आणलेल्या कैद्यांचे फोटो २०२१ मध्ये रंगवून प्रसिद्ध झाले, तेव्हा काही चेहऱ्यांवर मूळ फोटोत नसलेले हसू होते. कंबोडियाच्या संस्कृती खात्याने आक्षेप घेतल्यावर ते काढून टाकावे लागले. फोटो ‘सुधारणारे’ ॲप चेहरा स्वच्छ करत नाही, तो नव्याने बनवते. दातांची एकसंध पट्टी, कापडात विरघळलेली बटणे, मागच्या रांगेत सगळ्यांचे एकसारखे डोळे दिसले की मूळ प्रत शोधायला लागावे.

ती शोधणे अवघड नाही. आधी फोटोवर चिकटवलेला मजकूर आणि चौकट कापून टाकावी, नाहीतर शोध त्या मजकुराच्याच मागे जातो. मग फोटोवरून शोध घेणाऱ्या गुगल लेन्स आणि टिनआय दोन्हींवर टाकावा. टिनआयमध्ये सर्वांत जुनी प्रत आधी दाखवण्याची सोय आहे. एखाद्या संग्रहालयाच्या नोंदीपर्यंत पोहोचलात की तिचा क्रमांक टिपावा आणि मथळा नीट वाचावा. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नोंदीत चौकोनी कंसातले शीर्षक नोंद करणाऱ्याने दिलेले असते, फोटोग्राफरचे नव्हे. ‘अंदाजे’ हा शब्द तर कधीच सोडू नये. पहिल्या शेअरमध्येच तो गळतो आणि अंदाज इतिहास होऊन बसतो. फोटोची मागची बाजू उपलब्ध असेल तर जरूर पाहावी. अमेरिकेतल्या फोटोच्या पाठीवर महसुलाचे तिकीट असले तर तो कर १८६४ ते १८६६ एवढाच होता; सालाचा वाद तिथेच मिटतो.

लोकांच्या प्रतिक्रियांनी किती मोलाचे काम होते याचा दाखलाही आहे. याच लायब्ररीने जानेवारी २००८ मध्ये सुमारे ३,१०० फोटो फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावर ठेवले. लोकांनी दुकानांच्या पाट्या वाचल्या, इमारती ओळखल्या, जुन्या बातम्या काढून तारखा जुळवल्या. पहिल्या वर्षातच ५०० हून अधिक नोंदी त्यावरून दुरुस्त झाल्या. ‘उजवीकडच्या पाटीवर अमुक नाव आहे’ एवढी एक ओळसुद्धा नोंद करणाऱ्याचे कित्येक तास वाचवते.

म्हणून आपल्याकडे एक विनंती. पुरवणीत जुना फोटो छापताना खाली चार गोष्टी द्याव्यात: मूळ संग्रह आणि नोंद क्रमांक, साल (अंदाजे असेल तर तसे), फोटोचा प्रकार, आणि रंग भरला किंवा चौकट कापली असल्यास तसा उल्लेख. दोन ओळींत हे बसते. वाचकांनी दुरुस्ती कळवली तर पुढच्या अंकात त्याच फोटोच्या छोट्या प्रतीसह ती छापावी, म्हणजे कोणत्या फोटोबद्दल बोलणे चालले आहे ते कळेल.

आपला,
एक वाचक