इकडे ऑटम आलाय, आणि बाबांशी थोडं बोलायचंय

स्विंडन, इंग्लंड, २४ सप्टेंबर २०२५

प्रिय आई-बाबा,
शि. सा. न.

आई, काल फोन मधेच कट झाला म्हणून म्हटलं लिहूनच पाठवते, दादा वाचून दाखवेल. तू विचारलंस ना घट बसवला का, तर हो बसवला. माती मागच्या बागेतली घेतली, धान्य इंडियन दुकानातलं, आणि खिडकीत जिथे थोडं ऊन येतं तिथे ठेवलाय. झेंडू मिळाला नाही, शेवंतीची माळ केली. यंदा गंमत अशी की घटस्थापनेच्याच दिवशी इकडे इक्विनॉक्स होता, म्हणजे दिवस-रात्र जवळपास सारखी असते तो दिवस. इथल्या घड्याळात संध्याकाळी ७ वाजून १९ मिनिटांनी, तुमच्याकडे रात्रीचे ११:४९, तू अखंड दिव्यात तेल घालून झोपली असशील तेव्हा सूर्य विषुववृत्त ओलांडून दक्षिणेला गेला.

आपल्याकडे हे कुणाला जाणवतही नाही कारण आता दिवस कमी होतो तो रोज मिनिटभरच. इथे रोज जवळपास चार मिनिटं जातात! आठवड्यात अर्धा तास. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे करतात आणि डिसेंबरात चार वाजताच अंधार पडतो. मागच्या नोव्हेंबरात मी रडत फोन केला होता आणि आई तू रात्रभर जागी होतीस ते मला माहितीये, म्हणून यावेळी आधीच सांगते, मी बरी आहे, आणि यंदा या अंधाराचं स्वागत करून आलेय.

आमच्या शेजारच्या आजी, रिटायर्ड नर्स, त्या पेगन आहेत. म्हणजे चर्चला न जाता निसर्गालाच देव मानणारे लोक, इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेत ७४,००० लोकांनी आपला धर्म पेगन असा लिहिलाय. वर्षाचे आठ सण करतात, त्यातला हा इक्विनॉक्सचा, पिकाच्या काढणीचा, काहीजण मेबन म्हणतात, ड्रुइड लोक, म्हणजे त्यांच्यातलाच एक पंथ, आल्बन एल्वेद म्हणतात. ही आठ सणांची मांडणी १९५० च्या दशकातली, पण गावोगाव पीक घरात आल्यावर जेवण घालायची, शेवटच्या पेंढीची बाहुली करून जपून ठेवायची पद्धत बरीच जुनी. मांडणी नवी म्हणून लोक नावं ठेवतात, मला नाही पटत. आपला सार्वजनिक गणपती तरी १८९० च्या दशकातलाच ना, म्हणून भक्ती खोटी होते का?

तर रविवारी, आपल्याकडे सर्वपित्री होती त्या दिवशी, आजी मला एव्हबरीला, म्हणजे उभ्या दगडांचं प्राचीन वर्तुळ आहे त्या गावी, घेऊन गेल्या. तसंच दगडांचं स्टोनहेंज सगळ्यांना माहीत असतं, पण त्याची दिशा उन्हाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाच्या सूर्योदयाला आणि हिवाळ्यातल्या सगळ्यात लहान दिवसाच्या सूर्यास्ताला धरून आहे, आणि एरवी दोरीच्या बाहेरून बघावं लागतं. एव्हबरीत तसं काही नाही, तिकीट नाही, दगडांना हात लावा, टेकून बसा, मेंढ्या चरत असतात, आणि गावाचा काही भाग त्या प्रचंड वर्तुळाच्या आतच वसलेला, पब सुद्धा आत. साडेचार हजार वर्षांपूर्वीचं काम. बाबा, तुम्हाला आवडेल असं सांगते, भोवतीचा खंदक त्यांनी हरणाच्या शिंगांनी खणलाय, मूळची खोली नऊ मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या मळ्यातल्या विहिरीसारखा, आणि गोल फिरून एक किलोमीटरच्या वर! नंतर गावकऱ्यांनीच कितीतरी दगड फोडले नाहीतर पुरले, मग १९३० च्या दशकात अलेक्झांडर कीलर नावाच्या माणसाने, घरच्या मार्मलेडच्या, म्हणजे संत्र्याच्या मुरंब्याच्या, धंद्याचा पैसा होता, त्यातले कितीतरी शोधून परत उभे केले. केवढं मोठं काम केलं त्याने.

आजींचा ग्रुप छोटासाच, हात धरून गोल उभं राहायचं, पूर्व दक्षिण पश्चिम उत्तर एकेका दिशेला तोंड करून शांती मागायची. मध्ये सफरचंदं, गव्हाच्या ओंब्या, ब्लॅकबेरी आणि पाव ठेवलेला, मी बाजरीची भाकरी नेली होती ती पण ठेवली. मग प्रत्येकाने सांगायचं की यंदा आपल्या पदरात काय पडलं आणि आता काय खाली ठेवायचंय. माझी वेळ आली तेव्हा म्हटलं, माझे वडील ७६ वर्षांचे आहेत, आयुष्यभर शेती केली, माझं सगळं शिक्षण त्यांच्या उसावर आणि सोयाबीनवर झालं, ही भाकरी त्यांच्या आणि आईच्या नावाची. पुढे बोलताच आलं नाही. कुणीतरी माझा हात घट्ट धरला.

येताना बसमध्ये आजींनी विचारलं, वडील अजून शेतात जातात? म्हटलं रोज, पहाटे. तर त्या म्हणाल्या, त्यांनी तीस वर्षं कसलेला भाजीचा तुकडा, इथे पालिकेकडून भाड्याने मिळतो तसा, मागच्या ऑटमला एका तरुण जोडप्याला दिला. आता खुर्ची टाकून बसतात आणि बटाटे कधी काढायचे ते सांगतात, आणि ते दोघं ऐकतात.

बाबा, शेत विका असं मी कधीच म्हणणार नाही. पण भाद्रपदात चक्कर येऊन बांधावर बसलात ते आईने सांगितलंय मला, तुम्ही लपवलंत तरी. खालचं रान वाट्याने द्या, दादाचा तो मित्र मागतोय ना, चांगला आहे, दारू-बिरू नाही. घरामागचं वरचं तुमच्याकडेच राहू दे. बी कुठलं, पाणी किती, सगळं तुम्हीच ठरवा, फक्त रानाला पाणी द्यायला रात्री तुम्ही जायचं नाही. इतकी वर्षं जे दिलंत ते पुरे झालं हो, आमचं सगळं भरून पावलं. आता तुम्ही बसलेलं आम्हाला बघायचंय.

आई, तू त्यांच्या बाजूने बोलू नकोस यावेळी प्लीज. आणि गुडघ्याचं तेल संपलं असेल तर सांग.

कोजागिरीला ६ तारखेला मी सुट्टी टाकलीये, इथले लोक त्याच पौर्णिमेला हार्वेस्ट मून म्हणतात आणि आजी दूध प्यायला येणार आहेत, तेव्हा व्हिडिओ कॉल करते, तुमची त्यांच्याशी ओळख करून देते. सोयाबीन काढायला पाऊस उघडला की मशीनच बोलवा, मजूर शोधत फिरू नका, पैसे मी दादाच्या खात्यावर टाकलेत. आणि वाट्याचं काय ते दसऱ्यापर्यंत कळवा, म्हणजे तो बिचारा रब्बीच्या तयारीला लागेल.

तुमची,
ताई