पाटीचं लायसन कुठून आणायचं?

मा. संपादक, नमस्कार.

पालघरच्या नव्या वाढवण बंदराच्या बातम्या वाचतेय सध्या, सगळीकडे मच्छीमारांच्या भरपाईसाठी बोटी किती आणि लायसन किती याचाच हिशोब. आम्ही उरणकरांनी हे आधी बघितलंय, इथलं न्हावा-शेवा बंदर १९८९ ला चालू झालं, म्हणून लिहितेय.

आमच्या घरात बाबा होडीवर जायचे पण पैसा आईच्या बटव्यात. म्हावरं किनाऱ्याला लागलं की ते तिचं, भाव ती करणार, डिझेलला किती, जाळ्याला किती, आमच्या फीला किती तीच ठरवणार, बाबांना तंबाखूला पण तिच्याकडेच मागायला लागायचं आणि ती आधी दोन शब्द सुनवून मगच द्यायची. ओहोटीला खाडीत उतरून कालवं फोडायची, निवट्या धरायची. भराव पडला तशी पहिली कालवं गेली, आणि ती कुणाच्या हिशोबातच नव्हती, कारण त्याला बोट लागत नाही, कोयती पुरते.

२०१५ ला हरित लवादाने उरणच्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख भरपाई द्यायला सांगितलं. निकाल चांगलाच होता, पण कुटुंब म्हणजे नक्की कोण हो? मागे एका ऑफिसात फॉर्म भरायला गेलो तर बाबांपुढे मासेमारी आणि आईपुढे 'गृहिणी'. म्हटलं अहो तीस वर्षं बाजारात बसतेय ती, तर म्हणे पुरावा द्या. आता डोक्यावरच्या मासळीच्या पाटीचं लायसन कुठून आणायचं?

आता भाऊ कंटेनर यार्डात कॉन्ट्रॅक्टवर आहे, पगार त्याच्या खात्यात, वहिनी भाजीला पण त्याच्याकडे मागते. आई भाऊच्या धक्क्यावरून मासळी विकत आणते, तिथून उरणच्या मोरा बंदराला येणारी लाँच ओहोटीला बंद असली की तो दिवस गेलाच, बर्फ आणि रिक्षा जाऊन हातात काय उरतं ते विचारूच नका. परवा मोबाईलच्या रिचार्जला भावाकडे पैसे मागत होती, मला कसंतरीच झालं. आणि सोयरीक जमवताना आधी पोरगी बाजारात कशी बसते ते विचारायचे, आता फक्त पोराची नोकरी पर्मनंट आहे का एवढंच!

वाढवणला सर्व्हे करणाऱ्यांनी विकणारी, बोंबील सुकवणारी, खाडीत वेचणारी बाई वेगळी मोजावी, पैसे तिच्या नावाने तिच्याच खात्यात द्यावे. पुरावाच पाहिजे असेल तर बाजारातल्या गिऱ्हाइकांना विचारा, इतकी वर्षं घासाघीस कुणाशी केली ते सांगतील.

– एक वाचक, उरण