सिगारपलीकडचे कार्श

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील छायाचित्रकार युसुफ कार्श यांच्यावरील लेख वाचला. ३० डिसेंबर १९४१ रोजी ओटावात त्यांनी चर्चिल यांच्या तोंडातली सिगार काढून घेतली आणि त्यांचा चिडलेला चेहरा टिपला, हा प्रसंग लेखात छान रंगला आहे. परंतु त्यामुळे कार्श यांचे सारे यश एका धाडसाच्या खात्यावर जमा होते, हे मला पटत नाही. त्या खोलीतील दिवे त्यांनी आदल्या रात्रीच लावून ठेवले होते. बोस्टनमधील त्यांचे गुरू जॉन गारो नैसर्गिक उजेडात काम करत. कृत्रिम प्रकाशाची जाण मात्र कार्श यांना ओटावातील हौशी रंगभूमीवर आली. हातांवर स्वतंत्र प्रकाश टाकण्याची त्यांची पद्धत होती. चर्चिल यांचे ते छायाचित्र पुन्हा पाहावे: एक हात कमरेवर, दुसरा खुर्चीच्या पाठीवर, आणि दोन्ही चेहऱ्याइतकेच बोलके. आर्मेनियन वंशसंहारातून वाचून कोवळ्या वयात कॅनडात मामांकडे आलेल्या या माणसाने १९३२ ते १९९२ अशी साठ वर्षे स्टुडिओ चालवला. या मेहनतीवर लेखात एक परिच्छेद तरी हवा होता.

— एक वाचक